दात घासायचे, खरवडायचे नाहीत

असरची नमाज झाली होती आणि आम्ही सहामाहीच्या उत्तरपत्रिका घेऊन ओसरीवर बसलो होतो. दारात माय-लेकी येऊन उभ्या राहिल्या. मुलगी आमच्याच शाळेची, दहा वर्षांपूर्वी सातवीत आमच्या वर्गात होती. आता बी.ए. झाली आहे, निकाह ठरला आहे आणि तो दीड महिन्यावर आला आहे. आईने चहालाही नको म्हटले आणि थेट विषयाला हात घातला. "मॅडम, जरा इसके दांत देखो ना. तुमचं लातूरला जाणं-येणं असतं. दात पांढरे करायची एखादी चांगली दवा सांगा."

मुलगी काही केल्या तोंडावरची ओढणी काढीना. मंगनीच्या दिवशी मुलाची फुफी म्हणाली होती, लडकी अच्छी है, बस दांतों का कुछ कर लो. बोलणारी बाई हे वाक्य घरी पोहोचेपर्यंत विसरलीही असेल. या पोरीने मात्र त्या रात्रीच मोबाइल उघडला. तेव्हापासून सकाळी लिंबाचा रस आणि खायचा सोडा, रात्री मागवलेली काळी कोळशाची पावडर, असा तिचा नेम तीन महिने चालू होता. आता थंड पाणी सोडाच, तोंड उघडून श्वास घेतला तरी दातातून कळ जाते. आणि दात? ते पहिल्यापेक्षा पिवळे दिसू लागले.

"मोबाइलवर दिसेल ते कशाला करता गं?" आम्ही जरा आवाज चढवूनच म्हणालो. त्यावर तिने खाली बघत उत्तर दिले, "मॅडम, सातवीत तुम्ही मला वर्गात उभं करून विचारलं होतं, दात घासत नाहीस का म्हणून. तेव्हापासून मी दिवसातून तीन वेळा घासते."

आम्हाला ते आठवतही नव्हते. पण आम्ही तसे म्हणालो असणार, कारण स्वच्छतेच्या तासाला मुलांचे दात आणि नखे बघायची आमची जुनी सवय आहे. या महिन्याचा विषय दुसराच ठरला होता. तो बाजूला ठेवून हे लिहायला घेतले आहे.

आधी दात म्हणजे काय ते पाहू, कारण सगळी गफलत तिथेच होते. दाताच्या वर एक पातळसर कवच असते, त्याला डॉक्टर इनॅमल म्हणतात. आपल्या शरीरात त्याच्याइतके कठीण दुसरे काही नाही, हाडसुद्धा नाही. हे कवच थोडे पारदर्शक असते आणि त्याच्या खालचा थर मुळातच पिवळसर असतो. म्हणून निरोगी दातही कागदासारखा पांढरा नसतो, त्यात किंचित पिवळी झाक असतेच. हाड मोडले तर जुळते, कातडी सोलली तर भरून येते. कवचाचे तसे नाही. त्यात जिवंत पेशी नसतात, गेले ते गेले. कवच घासून पातळ केले की आतला पिवळा थर जास्त दिसू लागतो, आणि गार-गरम लागू नये म्हणून असलेला पडदाही विरळ होतो. तीन महिने राबून दात आणखी पिवळे का झाले, याचे उत्तर हे आहे.

लिंबाचेही असेच. शाळेत आठवी-नववीला आम्ल मोजायची पट्टी शिकवतात. त्या पट्टीवर साधे पाणी ७ वर, आणि आकडा जितका खाली तितके आम्ल तीव्र. साधारण ५.५ च्या खाली गेले की दाताचे कवच विरघळू लागते. लिंबाचा रस २ ते २.५ च्या आसपास असतो. जेवताना भाजीवर पिळलेले लिंबू लाळेने लगेच पातळ होते, त्याला घाबरायचे कारण नाही. पण तोच रस दातांवर चोळून ठेवायचा आणि मऊ पडलेल्या कवचावर वरून ब्रश चालवायचा, म्हणजे भिजलेली भिंत झाडूने घासण्यासारखे झाले. लिंबू-सोडा एकत्र केले की फसफसते, तो फेस बघून लोकांना वाटते औषध काम करते आहे. ते दोघे तिथे एकमेकांनाच संपवत असतात. उरलेले लिंबू दाताच्या वाट्याला येते.

कोळशाची पावडर आपल्याला नवी नाही. आमच्या लहानपणी रेणापुरात घरोघरी राखुंडी होती, चुलीतल्या कोळशात मीठ मिसळले की झाले. कुठे गोवरीची राख, कुठे विटेची भुकटी. आता तेच डबीत भरून महाग झाले आहे. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेच्या नियतकालिकाने २०१७ साली कोळशाच्या दंतमंजनांवरचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा ते सुरक्षित आहे किंवा गुणकारी आहे असे म्हणायला पुरेसा पुरावा सापडला नाही. वरचा डाग कोळशाने निघतो, खरखरीत वस्तूने निघणारच. पण सोबत काय निघाले ते आरशात दिसत नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही तिघी एसटीने लातूरला गेलो. डॉक्टरांनी दातांकडे बघायच्या आधी प्रश्न विचारले. चहा किती पितेस? घरात मिशरी कोण लावते? लहानपणी समोरच्या दातांना मार लागला होता का? जन्माच्या आसपास किंवा लहानपणी लांबलचक औषधे चालली होती का? शेवटचा प्रश्न होता, तुझे बालपण कुठल्या गावात गेले?

आई म्हणाली, "किनवट तालुक्यात. तिच्या अब्बांचं काम तेव्हा बाहेरगावी असायचं, म्हणून ही सात वर्षांची होईपर्यंत नानीकडेच होती."

"हापशाचे पाणी?"

"हापशाचंच. दुसरं काय होतं?"

डॉक्टरांनी आरसा तिच्या हातात दिला आणि दाखवले. समोरच्या वरच्या दातांवर आडव्या, खडूसारख्या पांढऱ्या रेघा, आणि त्यांच्या मध्ये तपकिरी छटा. हे न घासल्याचे डाग नव्हतेच. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असले की लहान वयात हिरडीच्या आत जे पक्के दात घडत असतात, त्यांचे कवचच सदोष तयार होते. दात बाहेर येतात ते पांढऱ्या पट्ट्यांसह, आणि पुढे ते पट्टे तपकिरी होतात. याला फ्लोरोसिस म्हणतात. अक्कलदाढा सोडल्या तर बाकी सगळ्या दातांचे कवच आठव्या वर्षापर्यंत घडून झालेले असते. म्हणजे डाग पडायचे ते तोवर पडून चुकतात. मोठेपणी तेच पाणी प्यायल्याने दातांवर नवे डाग येत नाहीत. हाडांना आणि सांध्यांना मात्र वर्षानुवर्षे तसले पाणी पिण्याचा त्रास होऊ शकतो.

म्हणजे सातवीच्या वर्गात आम्ही जिला उभे केले होते, तिचा त्यात काडीचाही दोष नव्हता. परतताना एसटीत आम्ही तिची माफी मागितली. ती "जाने दो मॅडम" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

आपल्या देशात फ्लोराइडच्या दुखण्याची पहिली नोंद १९३७ साली नेल्लोर भागातून झाली, म्हणजे ही गोष्ट आजची नाही. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि आपला नांदेड हे जिल्हे यासाठी ओळखले जातात. नांदेडमध्ये किनवटच्या बाजूला तर पिवळे-तपकिरी दात इतके घरचे झाले आहेत, की लोक त्याला वळणच समजतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलीग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. खोल बोअरच्या पाण्यात ते उथळ विहिरीपेक्षा जास्त असू शकते, आणि दुष्काळाने आपल्याला दर काही वर्षांनी आणखी खोल जायला लावले आहे. पाणी उकळून हे जात नाही. उलट पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते.

आता उपायांकडे येऊ. दातांचा रंग बदलतो तो दोन प्रकारे: वरून बसलेला आणि आतून आलेला. चहा, पान, सुपारी, मिशरी, गुटखा यांचा डाग वरून बसतो. त्यावर कीटण चढलेले असेल तर ब्रशने काही होत नाही, दातांच्या डॉक्टरकडून स्केलिंग करून घ्यावे लागते. स्केलिंगने दात सैल होतात, फटी पडतात, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. फट आधीच असते, कीटणाने ती बुजवलेली असते, ते निघाले की दिसते इतकेच. पुष्कळ लोकांना पांढऱ्या दातांसाठी एवढेच पुरते, पुढचा खर्च करावाच लागत नाही.

'व्हाइटनिंग' लिहिलेल्या टूथपेस्टसुद्धा वरचाच डाग काढतात. त्यातल्या काहींमध्ये निळा रंग असतो. पांढऱ्या कपड्यांना आपण नीळ देतो ना, तीच युक्ती. पिवळेपणावर निळी झाक आली की डोळ्याला पांढरे वाटते, काही तास. यात फसवणूक आहे असे आम्ही म्हणणार नाही, पण दात त्याने बदलत नाही. केळीचे साल, खोबरेल तेलाच्या गुळण्या यांनी बिघडत काही नाही आणि रंगही बदलत नाही.

आतून आलेला रंग हलवायचा तर ब्लीचिंग. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात, ते कवचातून आत शिरून रंगाचे कण मोडते. सर्वांत तपासलेली पद्धत साधी आहे. डॉक्टर तुमच्या दातांचा माप घेऊन पातळ ट्रे बनवतात, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल थेंब-थेंब घालून रात्री लावायची, दोन ते सहा आठवडे. ही पद्धत १९८९ पासून छापील वैद्यकीय लेखांत आहे, म्हणजे तिचे बरे-वाईट पाहायला लोकांना भरपूर वर्षे मिळाली आहेत. दात काही दिवस शिवशिवतात, बहुतेकांचे थांबते. दवाखान्यात खुर्चीत बसवून तासाभरात करतात त्यात औषध जास्त तीव्र असते आणि खर्चही जास्त. निळ्या दिव्याचा जो थाट असतो, त्याने कायमचा असा काही विशेष फरक पडत नाही.

हे सगळे कवच शाबूत असलेल्या, कीड नसलेल्या दातांसाठी आहे. किडलेल्या दातात पेरॉक्साइड गेले तर कळ डोक्यात जाते. सिमेंट भरलेल्या दाताचा किंवा कॅपचा रंग ब्लीचने बदलत नाही, त्यामुळे बाजूचे दात उजळतात आणि कॅप तशीच उठून दिसते. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बायकांनी थांबावे. अठरा वर्षांखालील मुलांना तर नकोच. युरोपात २०१२ पासून कायदाच आहे की ०.१ टक्क्यापेक्षा जास्त पेरॉक्साइडची दात उजळण्याची वस्तू दुकानातून थेट गिऱ्हाइकाला विकता येत नाही, ती दंतवैद्याकडूनच मिळते, आणि तीही ६ टक्क्यांपर्यंतच. आपल्याकडे मात्र मोबाइलवर काय वाटेल ते येते, आणि जखम धुवायची पेरॉक्साइडची बाटली मेडिकलमधून आणून कापसाने दातांना लावणाऱ्या मुलीही आम्हाला माहीत आहेत. हिरड्या पांढऱ्याफटक पडून सोलतात. आठवडी बाजारात बाटलीतल्या दव्याचा बोळा फिरवून एका मिनिटात दात चमकवून देणारे बसतात, त्यांच्या बाटलीत बहुधा ॲसिड असते. चमक खरी असते, पण ती कवच विरघळल्याची.

डॉक्टरांनी आमच्या मुलीला लगेच ब्लीचिंग करायला साफ नकार दिला. आई नाराज झाली, तिला वाटत होते पैसे घेऊन आलो आहोत तर करून टाकावे. आम्हाला त्या नकारानेच डॉक्टरवर विश्वास बसला. घासून घासून कवच आधीच थकले होते. लिंबू, सोडा, कोळसा सगळे बंद. मऊ ब्रश, दातांची शिवशिव कमी करणारी पेस्ट, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे. आंबट खाल्ल्यावर अर्धा तास ब्रश करायचा नाही, नुसते पाण्याने खळखळून घ्यायचे. एका दाढेची कीड भरली. तीन आठवड्यांनी बोलावून समोरच्या दोन दातांवरचे तपकिरी डाग त्यांनी खास पेस्टने, मोजून-मापून, कवचाचा अगदी पापुद्र्याइतका थर काढून हलके केले. हे काम दवाखान्यातच करायचे असते. घरी चोळण्यात आणि यात काय फरक, असे आईने विचारलेच. फरक मोजण्याचा. उरलेले ब्लीचिंग, करायचेच असेल तर, निकाहानंतर दोन-चार महिन्यांनी, असे ठरले. फ्लोरोसिसच्या दातांवर ब्लीच केले तर सुरुवातीला पांढरे पट्टे आणखी उठून दिसू शकतात, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवले.

पैशांचा प्रश्न ज्यांना आहे, आणि तो आपल्यापैकी बहुतेकांना आहे, त्यांनी दंत महाविद्यालयात जावे. लातूरला आहे, नांदेडलाही आहे. शिकणारी मुले प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, खर्च बराच कमी येतो.

आमच्या नानीला हे सगळे दाखवले असते तर ती हसली असती. तिच्या सिंगारात मिस्सी होती. माजूफळ आणि लोखंडाच्या क्षारांची काळी पूड, ती लावून हिरड्या आणि दातांच्या फटी काळ्या करायच्या, त्यावर पान. दख्खनच्या जुन्या घरांत नवरीला ती लावत. मराठी घरांतल्या आज्याही दातवणाने दात काळे करीत. त्या काळच्या फुफ्यांना काळे दात आवडत, आजच्या फुफ्यांना पांढरे. मध्ये दात बिचारे तेच आहेत.

मिस्सी गेली, मिशरी राहिली. नावे सारखी वाटली तरी वस्तू वेगळी. मिशरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू. आमच्या अम्मी ती चाळीस वर्षे लावत होत्या आणि शेवटपर्यंत म्हणत होत्या, की मी तंबाखू खात नाही, दात घासते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली, पण घरच्या तव्यावर कोण छापा घालणार? ती दात काळपट करते हे तर आहेच. ती लागलेली सुटत नाही, तोंडाच्या कर्करोगाला वाट करून देते, आणि गरोदर बाईने लावली तर बाळ कमी वजनाचे जन्माला येऊ शकते. सुनेचे दात पिवळे म्हणणाऱ्या घरात सासूची मिशरीची डबी कोनाड्यात असते, हे आम्ही एकाच घरात पाहिलेले नाही.

मिसवाकबद्दल वाचक भगिनी विचारतील म्हणून. प्रेषित मुहम्मद (स.) घरात आल्यावर प्रथम मिसवाक करीत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये येते, आणि प्रत्येक नमाजच्या वेळी मिसवाकचा हुकूम केवळ उम्मतला अवघड जाईल म्हणून दिला नाही, असेही येते. पीलूची काडी खरोखर चांगली आहे, वरचे डागही ती हळूहळू कमी करते. पण टोक चावून कुंचला मऊ करावा, जुने टोक रोज कापावे, आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हाताने फिरवावी. करवतीसारखी आडवी ओढली तर सुन्नतची काडीसुद्धा हिरड्या मागे सारते. फ्लोरोसिसचे डाग मिसवाकने जात नाहीत. तसे सांगून कोणी दुप्पट भावात विकत असेल तर घेऊ नका. आणि सौंदर्यासाठी दात कानसून त्यांत फटी करण्याची हदीसमध्ये निंदा आली आहे, हे ज्यांना चांगले दात कापून चकचकीत मुखवटे बसवायचे आहेत त्यांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. दुखरा किंवा विद्रूप दात दुरुस्त करणे ही वेगळी गोष्ट आहे.

निकाह गेल्या महिन्यात झाला. ती हसली, फोटोत दात दिसतात. सिनेमातल्यासारखे पांढरे नाहीत, एका दातावर रेघ अजून आहे. मुलगा नानीच्या गावाजवळचाच, किनवट तालुक्यातला. जवळून बघितल्यावर कळले की दुल्ह्याच्या दातांवरही तशाच रेघा आहेत, आणि फुफीच्या दोन्ही नातवंडांच्याही. मुलाचे दात कोण बघतो!

निघताना ती आम्हाला भेटायला आली. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी तिची मुले त्याच हापशाचे पाणी पिणार, हे तिच्या डोक्यात होते. आम्ही तिला सांगितले, की एक लिटरची प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भर, वर गाव आणि हापशाची जागा लिही, आणि ग्रामपंचायतीमार्फत सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत फ्लोराइडसाठी पाठव. जास्त निघाले तर पावसाचे साठवलेले पाणी, गावातली दुसरी उथळ विहीर, नाहीतर आर.ओ. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड बसवायची पद्धत काढलेली आहे, तेलंगणातल्या नालगोंड्याच्या नावाने ती ओळखली जाते, गावपातळीवर ती करता येते. मोठ्यांना नसले तरी चालेल, लहान मुलांचे पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी आधी बदला.

परवा तिचा फोन आला. बाटली पाठवली आहे. सासूने विचारले, एवढ्या पाण्याचे काय करायचे आहे? तर ही म्हणाली, फुफीच्या नातवंडांच्या दातांसाठी. फुफी स्वतः ग्रामपंचायतीत घेऊन गेली म्हणे.

आमच्या वर्गात यंदा अशा रेघा असलेली चार मुले आहेत. त्यांच्या पालकांना बोलावले आहे. एकेकाला, वेगळे.